उलटा कर्व्ह आणि आठ मंद्या

अमेरिकेतल्या मंदीची चाहूल घेणाऱ्या आम्हा मंडळींचा लाडका निर्देशक म्हणजे यील्ड कर्व्ह. ऑक्टोबर २०२२ च्या अखेरीस तो उलटला, तीन महिन्यांच्या सरकारी बिलांवर दहा वर्षांच्या रोख्यांपेक्षा जास्त परतावा मिळू लागला, आणि पुढे दोन वर्षं हीच स्थिती टिकली. कॉन्फरन्स बोर्ड या संशोधन संस्थेचा दहा घटकांचा पूर्वसूचक निर्देशांकही महिनोन् महिने घसरत होता. मंदी आली नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये बोर्डाने मंदीचा इशारा मागे घेतला. यावर धंद्यातलं ठरलेलं उत्तर असं, की वेळच वेगळी होती: कोविडकाळातली बचत शिल्लक होती, बहुतेक गृहकर्जं दीर्घ मुदतीसाठी स्वस्त दरात बांधलेली होती, म्हणून फेडची, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेची, दरवाढ फारशी बोचली नाही. कारणं खरी आहेत. पण मग २०१९ चं काय? तेव्हाही कर्व्ह उलटला, २०२० मध्ये मंदी आली आणि आम्ही ती खुशाल यशाच्या खात्यात मांडली. रोखेबाजाराला विषाणू आधीच दिसला होता का? अपयशाला अपवाद म्हणायचं, तर हे यशही खोडायला हवं. १९६८ नंतरच्या मंद्या जेमतेम आठ; एवढ्या तुटपुंज्या हिशेबावर नियम उभारायचा आणि वर तोरा मिरवायचा!

त्याहून छळतो तो ‘केव्हा’. २००६ च्या मध्यावर उलटलेल्या कर्व्हनंतर मंदी सुरू झाली डिसेंबर २००७ मध्ये. पावशा ओरडला म्हणून त्याच दिवशी कुणी तिफण जुंपत नाही. आमचे ग्राहक मात्र जुंपतात, कारण तारीख सांगण्याचा मोह आम्हालाच आवरत नाही. ‘अजून येईल’ म्हणत राहिलं तर कुठलाच निर्देशक कधी चुकत नाही, आणि म्हणूनच तो काहीच सांगत नाही.

माझं मत आता बेरोजगार भत्त्याच्या साप्ताहिक अर्जांकडे झुकलंय. ते भविष्य सांगत नाहीत, असा आक्षेप येतो. मान्य. पण डिसेंबर २००७ ला सुरू झालेली मंदी, मंद्यांच्या अधिकृत तारखा ठरवणाऱ्या एनबीईआर या संस्थेने जाहीर केली १ डिसेंबर २००८ ला, आणि जून २००९ मधला तिचा शेवट सप्टेंबर २०१० मध्ये. अर्जांचा आकडा २००९ च्या वसंतातच शिखरावरून उतरू लागला होता. आज काय चाललंय हे एनबीईआरच्या वर्षभर आधी कळणं थोडं नाही. फक्त त्यासाठी टीव्हीवर कुणी बोलावत नाही, आणि ते आम्हाला सोसत नाही.