किरकोळ

महिन्याचा जमाखर्च मांडतांना चार रुपये जुळले नाहींत, तर ते ‘किरकोळ’ या सदरांत ढकलून आम्ही सुखानें झोपतों. आमच्या वडिलांना मात्र पै न् पै जुळल्यावांचून झोप येत नसे. लिनक्स या संगणकप्रणालीच्या गाभ्यांतील एका दोषाची हकीकत वाचल्यापासून त्यांची फार आठवण येते.

माक्स केलरमान या जर्मन प्रणालीकारापुढें २०२१ सालीं तक्रार आली ती क्षुल्लकच : सर्व्हरच्या नोंदींची एक फाईल उलगडतांना पडताळा जुळत नव्हता. अखेरचे आठ बाइट तेवढे बिघडलेले. तेहि बहुधा महिन्याच्या शेवटच्या दिवसाच्या फाइलींत! त्यानें पिच्छा सोडला नाहीं. शेवटीं गाभ्याचीच चूक निघाली. माहिती वाहून नेणाऱ्या ‘पाइप’चे कप्पे पुनःपुन्हां वापरले जातात, ‘येथें पुढें लिहिण्यास हरकत नाहीं’ ही आधींची खूण पुसावयाची राहून जाई. त्याच कप्प्यांत केवळ वाचण्याची मुभा असलेल्या फाइलीचें स्मृतींतील पान आलें, कीं गाभा त्यावरहि लिहूं देई. अशानें साधा वापरकर्ता सर्वाधिकारी होऊं शके. २०२० सालच्या ५.८ आवृत्तीपासून उघडें असलेलें हें भगदाड फेब्रुवारी २०२२ मध्यें बुजविलें गेलें. दुरुस्ती केवढी? खूण शून्य करणाऱ्या दोन ओळींची!

कुलूप शाबूत होतें. पाटी तेवढी पुसली नव्हती.

‘किरकोळ’ हें सदर आम्हीं वहींतून काढून टाकलें आहे. पहिल्याच महिन्याचे सतरा रुपये अद्याप जुळत नाहींत, आणि झोप उडाली आहे, ही गोष्ट निराळी.