किरायाची खोली आणि आमचा शब्द

लग्न पाहावे करून आणि घर पाहावे बांधून, असे आपले वाडवडील सांगून गेले. चंद्रपुरात काही वर्षे काढल्यावर आम्ही त्यात तिसरी गोष्ट जोडली आहे : घर पाहावे किरायाने देऊन. आम्हांला स्वतःचे घर नाही. बदलीचा हुकूम येईपर्यंत आम्हीही धर्मग्रामाच्या बंगल्यातले बिऱ्हाडकरूच. तरीही एका घरमालकाच्या आणि त्याच्या किरायेदाराच्या तंट्यात दोषाचा मोठा वाटा आमच्याकडे आला, म्हणून हे कथन.

चंद्रपूर हे येणाऱ्या-जाणाऱ्यांचे शहर. कोळशाच्या खाणी, औष्णिक वीज केंद्र आणि जवळच बल्लारपूरचा कागद कारखाना. १९८२ साली गडचिरोली जिल्हा वेगळा झाला, तरी जंगलपट्टीतील माणसे कामासाठी इकडे येतच राहिली. अशा शहरात दोन जादा खोल्या म्हणजे म्हातारपणाची काठी. आमच्या धर्मग्रामातील एक काका खाणीतून निवृत्त झाले, कंपनीचे क्वार्टर सुटले, तेव्हा भविष्य निर्वाह निधीच्या पैशातून त्यांनी लहानसे घर घेतले. मागच्या अंगणात कवेलूच्या दोन खोल्या होत्या. त्यांच्या किरायातून काकूंची औषधे यावीत, एवढाच हिशेब.

एके दिवशी एटापल्लीकडचा एक तरुण पत्नी आणि दोन लेकरांसह आमच्या दारी आला. कंत्राटी कामावर लागला होता, निवारा नव्हता. आम्ही त्याला काकांकडे नेले. लिखापढीचा विषय निघताच काका म्हणाले, "कागद केला तं किरायेदार कायमचा बसते, फादर. तुमचा शब्द हाये ना?" आम्ही मोठ्या तोऱ्यात उत्तरलो, "आहे ना!"

काकांची भीती निराधार नव्हती. विदर्भात १९४९ चा भाडे नियंत्रण आदेश पन्नास वर्षे लागू होता. भाडे नियंत्रकाची परवानगी घेतल्यावाचून मालकाला घर सोडण्याची नोटीसही देता येत नसे. आणि परवानगी मिळाल्यावर पुन्हा दिवाणी न्यायालय होतेच. ज्यांनी या खेपा घातल्या, त्यांची मुले कागदाच्या नावानेच दचकू लागली. पुढे महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ आला आणि ३१ मार्च २००० पासून अमलात आला. कायदा पालटला; भीती मात्र जुनीच राहिली.

दीड वर्ष सुरळीत गेले. मग कंत्राट संपले, किराया थांबला. काका आमच्याकडे आले की आम्ही त्यांना धीर धरण्यास सांगत असू. तरुण आला की त्याला 'काळजी करू नका' म्हणत असू. दोघांनाही गोड बोललो आणि दोघांनाही एकत्र बसवले नाही. असे सात महिने गेले. मे महिन्यातल्या एका रात्री काकांनी खोल्यांची वीज तोडली. चंद्रपूरचा मे ज्याने सोसला आहे, त्याला अधिक सांगणे नलगे. रात्री दहाच्या सुमारास ते जोडपे तापाने फणफणलेले लेकरू घेऊन आमच्या पायरीवर उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही पक्ष ओसरीवर बसले. काका म्हणाले, किराया दोन हजार. तरुण म्हणाला, दीड हजार, वरचे पाचशे विजेचे. तरुण म्हणाला, गेल्या पावसाळ्याआधी आपण पदरच्या पैशाने कवेलू आणून छप्पर फेरले. काका म्हणाले, आम्हांला विचारले कोणी? पावती एकाही महिन्याची नव्हती. अखेर दोघांनी आमच्याकडे पाहिले. रक्कम काय ठरली, हे त्या वेळी आम्ही विचारलेच नव्हते. ज्या शब्दाचा आम्हांला एवढा अभिमान होता, तो असा पोकळ निघाला.

धर्मग्रामातील एका वकिलांनी मग आमचे डोळे उघडले. नव्या कायद्याप्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, अकरा महिन्यांचा असला तरी. आणि ही जबाबदारी मालकाची. कागद नसेल तर अटींविषयी किरायेदाराचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. ते खोटे आहे हे मालकाने सिद्ध करायचे. कसूर केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. वीज-पाणी तोडणे हाही अपराधच. घर दुरुस्त ठेवणे मालकाचे कर्तव्य. नोटीस देऊनही त्याने ते केले नाही, तर किरायेदार स्वतः दुरुस्ती करून वर्षाच्या किरायाच्या एक चतुर्थांशापर्यंत रक्कम वळती करू शकतो. उलटपक्षी, राहण्यासाठी परवान्याने दिलेल्या जागेची मुदत संपूनही ती न सोडणाऱ्याला दुप्पट रक्कम भरावी लागते. म्हणजे ज्या कागदाला काका भीत होते, तोच त्यांचे कुंपण होता. आणि तोच त्या तरुणाचेही छप्पर होता.

त्याच सायंकाळी वीज जोडली गेली. कवेलूंचे पैसे वजा झाले, घर सोडायला तीन महिने ठरले, थकबाकीचे हप्ते पडले. दोन हप्ते आले. पुढे कुटुंब गावी परतले, उरलेले बुडाले. त्यापेक्षा मोठे नुकसान निराळेच. काकांनी खोल्यांना कुलूप घातले. दोन वर्षे कित्येक गरजू त्या दारावरून परत गेले. एका अलिखित व्यवहाराने किती अनोळखी माणसांचा निवारा हिरावला, याचा हिशेब आम्हांला द्यावा लागेल.

भूमी परमेश्वराची, आपण तिच्यावर पाहुणे, हा लेवीय ग्रंथातला विचार आम्ही प्रवचनांतून अनेकदा मांडला आहे. परंतु पाहुण्यालाही आपण किती दिवसांचे आणि कोणत्या अटीवर आहोत, हे ठाऊक असावे लागते. लिहून घेणे म्हणजे अविश्वास, असे आम्ही समजत होतो. आता वाटते, जो विश्वास लिहून ठेवायला कचरतो, तो विश्वास नसून आळस असतो.

गेल्या वर्षी काकांनी कुलूप काढले. दुय्यम निबंधक कार्यालयात साक्षीदार म्हणून आम्ही सही केली. या वेळी रक्कम वाचून, मग सही. नवे कुटुंब राहायला आले आहे. आणि यंदा मृग लागण्याआधी काकांनी स्वतः उभे राहून कवेलू फेरून घेतले.