चुरूची पहाट, सोलापूरची गाडी

सोलापूरची थंडी गड्ड्याच्या यात्रेपुरती. संक्रांतीच्या सुमाराला नंदीध्वज निघतात, तेव्हा पहाटे अंगावर शहारा येतो, शेताशेतांत हुरडा भाजला जातो, आणि नऊच्या उन्हात स्वेटर उतरवून खांद्यावर टाकावा लागतो. पण आमच्या गावावरून जाणारा ५२ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग फार लांबचा आहे. कर्नाटकातल्या अंकोल्याहून तो विजयपूर, सोलापूर, बीड, धुळे, इंदूर, कोटा, जयपूर करत फतेहपूर-चुरूच्या वाळूतून थेट पंजाबातल्या संगरूरला जातो. जून २०१९ मध्ये ज्या चुरूत पारा पन्नास अंशांच्या वर गेला, तिथेच जानेवारीत तो शून्याखाली उतरतो. मार्केट यार्डातून कांदा किंवा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतून टॉवेलचे गठ्ठे भरून गाडी या रस्त्याला लागली, की मी घरी बसून त्या गावांचं हवामान बघत राहतो.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते, हे मला आजही अप्रूपाचं वाटतं. दट्ट्या हवेला दाबतो, दाबलेली हवा पाचशे अंशांच्या पुढे तापते आणि तिच्यात सोडलेला डिझेलचा फवारा आपोआप पेट घेतो. ऑग्सबर्गमध्ये १८९७ साली रुडॉल्फ डिझेलने हे इंजिन चालवून दाखवलं; तत्त्व अजून तेच आहे. सगळा भरवसा दाबातून निघालेल्या उबेवर. रात्रभर उघड्यावर थंड झालेलं लोखंड नेमकी तीच ऊब आधी पिऊन टाकतं. पहाटे सेल्फ मारल्यावर पांढरा धूर येतो, ते न जळलेलं डिझेल असतं. इंजिन तापलं की तो आपसूक जातो, आणि तोवर ॲक्सिलरेटरवर पाय ठेवायचा नसतो. गारठ्याने घट्ट झालेलं ऑइल चेंबरमधून वर चढून टर्बोच्या बेअरिंगपर्यंत पोचायला थोडा वेळ घेतं. तेवढा वेळ देणं हेच मला गाडी सांभाळण्यातलं सगळ्यात मोठं काम वाटतं.

जुन्या ड्रायव्हरांकडे थंडीची वेगळी विद्या होती. चेंबरखाली शेकोटी पेटवायची, टाकीत रॉकेल मिसळायचं, रेडिएटरसमोर पोतं बांधायचं. त्या माणसांबद्दल मला मनापासून आदर आहे. रस्त्यात मदतीला कोणी नसताना त्यांनी गाड्या चालत्या ठेवल्या. पण १ एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या बीएस-सहा गाड्यांना ही विद्या चालत नाही. कॉमन रेलमधला डिझेलचा दाब सोळाशे बारच्या घरात जातो, म्हणजे ट्रकच्या टायरमधल्या हवेच्या जवळजवळ दोनशे पट. एवढ्या दाबाचा पंप डिझेलच्याच वंगणावर चालतो, आणि रॉकेलमध्ये ते वंगण फारसं नसतं. चेंबरखालच्या जाळाने आता वायरिंग आणि सेन्सर जळतील. पोतं बांधलं, तर टर्बोची हवा गार करणाऱ्या इंटरकूलरचा वारा अडतो. तासभर गाडी जागेवर चालू ठेवून तापवायचीही सवय सोडावी लागते. थंड इंजिन काजळी जास्त करतं, ती सायलेन्सरमधल्या फिल्टरात साठते, आणि ती जाळून टाकण्याइतकी उष्णता उभ्या गाडीत तयार होत नाही. एअर प्रेशर भरलं, की हळू चालीने रस्त्याला लागावं. गाडी चालताना तापते ती खरी.

थंडी डिझेललाही बाधते. त्यात मेण असतंच. थंडीत खोबरेलाची बाटली थिजते, तसं ते मेण थिजून फिल्टरमध्ये अडकतं आणि इंजिन उपाशी राहतं. थंडीच्या मोसमातल्या साध्या डिझेलसाठी भारतीय मानकाने प्रवाहबिंदूची, म्हणजे ज्या तापमानापर्यंत ते वाहतं राहतं त्याची, मर्यादा ३ अंश ठेवली आहे, म्हणून त्याखाली गेलेल्या रात्री जपावं लागतं. इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं डिझेल आणलं, ते पानिपतच्या रिफायनरीत तयार झालं. चुरूला तेवढ्याची गरज नाही. तिथे टाकी संध्याकाळीच काठोकाठ भरावी, म्हणजे रिकाम्या जागेतल्या ओलाव्याचं पाणी होत नाही; फिल्टरखालचं पाणी सकाळ-संध्याकाळ सोडावं; एअर टाक्यांचंही सोडावं, कारण ब्रेकच्या नळीत गोठलेला थेंब उतारावर जिवावर बेततो. रेडिएटरमध्ये साधं पाणी नको, कुलंटच हवं. आमच्याकडे उन्हाळ्यात कुलंट कमी झालं की बोअरचं पाणी ओतून भागवतात, आणि त्याचा हिशेब डिसेंबरात उत्तरेला द्यावा लागतो. बॅटऱ्या, टायरची हवा हे तर कुणीही बघतो.

ड्रायव्हर लोक ज्याला सरळ ‘युरिया’ म्हणतात, त्या डीईएफची, म्हणजे धूर स्वच्छ करणाऱ्या द्रवाची, मला विशेष काळजी वाटते. साडेबत्तीस टक्के युरिया आणि बाकी शुद्ध पाणी. ते उणे ११ अंशांना गोठतं, आणि गोठलं तरी गाडी सुरू होते. इंजिनचं गरम कुलंट फिरवून त्या टाकीला ऊब दिलेली असते. ज्याने हे योजलं, त्याने पहाटे चार वाजता एकट्या उभ्या असलेल्या ड्रायव्हरचा विचार केला असणार, असं मी मानतो. आमच्या ड्रायव्हरच्या केबिनमध्ये सोलापुरी चादर असतेच. पण धुक्यात काच पुसत, समोरच्या लाल दिव्याच्या अंदाजाने चालवणाऱ्या माणसाला चादर पुरत नाही. म्हणून दाट धुकं असलं तर धाब्यावर थांब, भाड्याचा उशीर मी बघतो, एवढं मी प्रत्येक फेरीला सांगून ठेवतो.

गाडी परत आली, की मी आधी दोन्ही डिझेल फिल्टर बदलून घेतो, कुलंटची ताकद मोजून घेतो. मग मार्च उजाडतो आणि सोलापूरची खरी परीक्षा सुरू होते. उणे ११ पर्यंत निभावणारा तोच युरिया तीस अंशांच्या वर फार दिवस राहिला तर खराब होऊ लागतो, आणि आमच्याकडे पत्र्याच्या शेडखाली दुपारी चाळीसच्या वर असतं. तेव्हा युरियाचे कॅन मी घरातल्या आतल्या खोलीत, ज्वारीच्या पोत्यांशेजारी आणून ठेवतो.