उतारांचे गाव : बर्कली

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर कॅलिफोर्निया नावाचे राज्य आहे. तेथे सॅन फ्रान्सिस्को हे मोठे बंदर आहे आणि त्याच्या समोर, खाडीच्या पलीकडच्या काठाला, बर्कली हे गाव आहे. वस्ती सुमारे सव्वा लाख. पश्चिमेला खाडी, पूर्वेला टेकड्या आणि मधल्या उतरणीवर गाव पसरलेले. १८६८ साली स्थापन झालेल्या विद्यापीठामुळे बर्कलीचे नाव जगभर झाले. परंतु मी आज वाचकांना सांगणार आहे ते तेथल्या रस्त्यांच्या कडांविषयी. हसू नका. रस्त्याची कड ही किती मोठी गोष्ट असते, ते ज्याचे पाय चालत नाहीत त्याला विचारावे.

मी शेतकरी घरातली बाई. अठरा वर्षांपूर्वी कडब्याच्या गंजीवरून पडले, पाठीचा कणा दुखावला आणि कमरेखालचे अंग गेले. तेव्हापासून चाकाची खुर्ची हेच माझे पाय. घरात माझे काही अडत नाही. आमच्या ह्यांनी उंबरठे काढून टाकले, स्वयंपाकाचा ओटा खुर्चीच्या उंचीला आणला, न्हाणीघराची फरशी अंगणाच्या पातळीत घेतली. भाकरी मी थापते, शेंगा मी फोडते, दुधाचा आणि मजुरीचा हिशेब माझ्याकडेच असतो. पण अंगणाची कड संपली की माझे राज्य संपते. ग्रामपंचायतीला पाच पायऱ्या, दवाखान्याला तीन, बँकेला सात. कुठेही जायचे तर दोन-चार गडी बोलावायचे आणि त्यांनी मला पोत्यासारखे उचलायचे. गडी घरचेच, मायेचेच. पण उचलून घेणाऱ्या बाईच्या जिवाला काय वाटते ते बायकांना सांगायला नको. आणखी एक गोष्ट बायकाच जाणतील. बाहेर जायचे म्हटले की आदल्या रात्रीपासून मी पाणी तोडते. कारण खुर्ची आत जाईल असे मोरीचे दार वाटेत कुठे भेटत नाही.

माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा बर्कलीजवळ नोकरीला आहे. “मावशी, एकदा येऊन जा,” असा त्याचा धोशा होता. शेवटी थोरल्या लेकीला सोबत घेऊन मी गेले आणि दोन महिने राहून आले.

पहिल्याच दिवशी भाचा म्हणाला, “चल, बाजारात जाऊन येऊ.” मी सवयीने विचारले, “उचलायला कोण आहे?” तो म्हणाला, “कशाला उचलायचे?” आणि खरेच, कोणी उचलले नाही. तेथे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पायी चालणाऱ्यांसाठी उंच पदपथ असतात. प्रत्येक चौकात आले की त्या पदपथाची कड मोडून रस्त्याच्या पातळीपर्यंत छान उतार केलेला. खुर्ची उतरते, रस्ता ओलांडते, पलीकडच्या उतारावरून वर चढते. उताराच्या तोंडाशी पिवळी, दाणेदार फरशी बसवलेली असते. आंधळ्या माणसाच्या काठीला ते दाणे लागले की त्याला समजते, येथून रस्ता सुरू झाला. लंगड्याची सोय करताना आंधळ्याची गैरसोय होऊ नये, हा विचार त्यात आहे.

बसचा प्रवास तर मी कधी विसरणार नाही. बस थांब्यावर आली आणि म्हैस बसताना पुढचे पाय दुमडते तशी पुढच्या अंगाने जरा खाली झुकली. दारातून एक फळी बाहेर येऊन पदपथावर टेकली. मी खुर्चीसकट आत गेले. चालकाने पट्ट्यांनी खुर्ची बांधून दिली आणि कुठे उतरायचे ते विचारले. बाकीचे उतारू गुपचूप थांबून राहिले. कोणी कीव केली नाही, कोणी कौतुकही केले नाही. अठरा वर्षांत प्रथमच मी चारचौघांसारखी बसमध्ये बसले होते. सार्वजनिक इमारतींत खुर्ची वळेल एवढी मोरी असते, हे कळल्यावर तिसऱ्या दिवसापासून मी घराबाहेर पडताना पोटभर चहा पिऊ लागले.

आता कोणी म्हणेल, श्रीमंत देश आहे, त्यांना काय कमी? मीही तसेच समजून होते. पण भाच्याने मला या उतारांचा इतिहास सांगितला, पुढे मी विचारून-वाचून तो आणखी जाणून घेतला, आणि समजले की नुसत्या पैशाने हे झालेले नाही. त्यासाठी माणसे भांडली आहेत.

एड रॉबर्ट्स हा त्यांतला पहिला माणूस. जन्म १९३९ चा. १९५३ साली, चौदाव्या वर्षी, त्याला पोलिओ झाला. पोलिओची लस आली ती त्यानंतर दोन वर्षांनी, १९५५ साली. मानेखालचे जवळजवळ सारे शरीर लुळे पडले. श्वासही आपला आपल्याला घेता येईना. त्यासाठी त्याला लोखंडी फुप्फुसात झोपावे लागे. हे म्हणजे एक मोठे पिंप असते. माणूस आत, डोके तेवढे बाहेर. यंत्र पिंपातली हवा कमीजास्त करते, त्याबरोबर छाती फुगते आणि बसते. असा हा मुलगा शाळेचा अभ्यास पुरा करून बसला, तर शाळा दाखला देईना. का? तर कवायत आणि मोटार चालवणे हे विषय पुरे झाले नाहीत म्हणून! त्याची आई झोना भांडली आणि तिने दाखला मिळवला.

१९६२ साली एड बर्कलीच्या विद्यापीठात दाखल झाला. ते लोखंडी फुप्फुस सुमारे ३६० किलो वजनाचे. वसतिगृहाच्या जमिनीला ते पेलणारे नव्हते. तेव्हा विद्यापीठाच्या दवाखान्यातच त्याला खोली दिली गेली. त्याच्या मागोमाग तशीच आणखी मुले आली. खुर्चीवरची ही मुले रात्री एकत्र बसत आणि बोलत. आजारपणाचे बोलणे कमी, रस्त्याचे जास्त. वर्गात जायचे कसे, खोली भाड्याने मिळवायची कशी, खुर्ची मोडली तर दुरुस्त कोण करणार? त्यांनी आपल्या टोळीला ‘रोलिंग क्वाड्स’, म्हणजे घरंगळत फिरणारे लुळे, असे थट्टेचे नाव घेतले. स्वतःवर हसता येणारा माणूस सहसा हरत नाही.

ही मुले नगरपरिषदेकडे गेली आणि १९७१ साली नगरपरिषदेने चौकाचौकांत उतार करण्याचा ठराव केला. तसे पाहिले तर उतार हा काही बर्कलीचा शोध नव्हे. मिशिगन राज्यातल्या कलमाझू गावात महायुद्धातून जखमी होऊन आलेल्या सैनिकांसाठी १९४० नंतरच्या दशकातच असे उतार झाले होते. पण गावभर उतार व्हावेत, आणि ते मेहेरबानी म्हणून नव्हे तर हक्क म्हणून, ही हाक बर्कलीची. १९७२ साली याच मंडळींनी स्वतंत्र जीवनाचे केंद्र काढले. मदतनीस शोधून देणे, खुर्च्या दुरुस्त करणे, राहण्याजोगे घर पाहून देणे ही कामे तेथे होत, आणि ती करणारे बहुतेक स्वतःच अपंग होते. पुढची गोष्ट तर एखाद्या कहाणीसारखी आहे. ज्या सरकारी पुनर्वसन खात्याने ‘हा कधी कमावता होणार नाही’ म्हणून एडला आधी मदत नाकारली होती, त्याच खात्याचा तो १९७५ साली प्रमुख झाला.

दुसरे नाव ज्युडी ह्यूमन हिचे. जन्म १९४७ चा, फिलाडेल्फियाचा; वाढली न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनमध्ये. पोलिओ झाला तेव्हा वय दीड वर्षाचे. ‘खुर्चीमुळे आग लागल्यास धोका’ असे कारण सांगून तिला शाळेत घेतले नाही. मोठेपणी शिक्षिकेचा परवाना नाकारला, तेव्हा १९७० साली ती कोर्टात गेली आणि परवाना घेऊनच परतली. पुढे ती बर्कलीला आली.

१९७३ साली अमेरिकेत एक कायदा झाला होता. सरकारी पैशावर चालणाऱ्या कोणत्याही संस्थेने अपंगाला अपंग म्हणून डावलू नये, असे त्याचे ५०४ वे कलम होते. कलम झाले, पण ते अमलात आणण्याच्या नियमांवर चार वर्षे कोणी सही करीना. हे वाचून वाचकांना ओळखीचे काहीतरी आठवेल! अखेर ५ एप्रिल १९७७ रोजी ज्युडी, किटी कोन आणि इतर मंडळी सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी कचेरीत शिरली आणि सुमारे दीडशे जण तेथेच ठाण मांडून बसले. कोणी खुर्चीवर, कोणी आंधळे, कोणी मुके-बहिरे. औषधे नाहीत, अंथरूण नाही. टेलिफोन तोडले गेले, तेव्हा बहिऱ्यांनी खिडकीत उभे राहून हातांच्या खुणांनी बाहेर निरोप दिले. रोज अन्न आणून दिले ते ब्लॅक पँथर या काळ्या लोकांच्या संघटनेने. ज्याने स्वतः अपमान सोसला त्यालाच दुसऱ्याचा कळतो. तीन आठवड्यांहून अधिक दिवस हे धरणे चालले. २८ एप्रिलला नियमांवर सही झाली आणि ३० एप्रिलला मंडळी गाणी म्हणत बाहेर आली. त्या पायावरच १९९० चा अमेरिकेचा अपंगांचा मोठा कायदा उभा राहिला. एड १९९५ साली गेला, ज्युडी २०२३ साली.

ॲशबी या रेल्वे स्थानकाला लागून एडच्या नावाची एक इमारत आहे, २०१० साली उघडलेली. आत शिरताच मधोमध लाल रंगाचा गोल फिरत वर जाणारा उतार दिसतो. त्यावरून मी माझ्या हातांनी चाके फिरवीत वरच्या मजल्यावर गेले. लेक मागून येत होती. तिला म्हटले, “तू हात लावू नकोस.” वर पोचले तेव्हा खांदे भरून आले होते, पण ते दुखणे मला गोड वाटले.

बर्कली म्हणजे स्वर्ग नव्हे, हेही सांगितले पाहिजे. टेकडीवरचे रस्ते इतके उभे की तेथे खुर्चीचे काही चालत नाही. घरभाडी ऐकून छाती दडपते, आणि भर रस्त्यावर तंबू ठोकून राहणारी बेघर माणसे मी तेथे पाहिली. त्यांत खुर्चीवरचेही होते. पण एक गोष्ट मनात ठसली. खुर्चीसाठी केलेला उतार खुर्चीवाल्याखेरीज शंभर जण वापरत होते. बाबागाडी ढकलणारी आई, सामानाची हातगाडी नेणारा हमाल, गुडघे धरलेली म्हातारी, सायकलवरचे पोर. आपल्या गावात उतार झाला तर युरियाचे पोते, दुधाचा कॅन आणि दिवस भरलेली बाई यांचीही वाट सोपी होईल.

आपल्याकडे कायदा नाही असे नाही. १९९५ साली एक झाला आणि २०१६ साली त्याहून मोठा झाला. सार्वजनिक इमारती अपंगांना वापरता येतील अशा केल्याच पाहिजेत, असे तो सांगतो. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातली ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी राखून ठेवायची असते. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग मोजले गेले, आणि त्यांतले दर दहांत जवळजवळ सात जण खेड्यांत राहतात. म्हणजे हा प्रश्न शहरापेक्षा आपला अधिक आहे.

उताराचे गणित शेतकऱ्याला अवघड नाही. पाट काढताना पाण्याला किती ढाळ द्यायचा हे ज्याला कळते, त्याला हेही कळेल. एक फूट उंचीला बारा फूट लांबी, हा हिशेब. ओटा दीड फूट उंच असेल तर उतार अठरा फूट लांब हवा. रुंदी चार फूट, वर खुर्ची वळायला सपाट जागा, दोन्ही बाजूंना धरायला कठडा, आणि पृष्ठभाग खरबरीत, म्हणजे पावसात चाक घसरणार नाही. पुष्कळ ठिकाणी नावाला उतार बांधतात, तो घसरगुंडीसारखा उभा. त्यावरून खुर्ची वर जात नाही, आणि खाली मात्र माणसासकट येते. असा उतार म्हणजे फोटोपुरता उतार.

परत आल्यावर मी ग्रामपंचायतीला अर्ज दिला. ५ टक्क्यांचा हिशेब मागितला, उताराचे माप कागदावर काढून सोबत जोडले आणि खाली गावातल्या अकरा जणांच्या सह्या घेतल्या. त्यांत दोघेच अपंग. बाकीचे गुडघेदुखीवाले, दम्याचे, आणि एक पाच महिन्यांची गरोदर सून. गेल्या ग्रामसभेत अर्ज वाचला गेला. ग्रामसभा ओट्यावर होती आणि मी खाली अंगणात होते. तेथूनच मोठ्याने बोलले. ठराव झाला आहे. काम अजून व्हायचे आहे. नियमावर सही व्हायला अमेरिकेतही चार वर्षे लागली होती, हे मी जाणते; पण तेथे सही झाली ती माणसे कचेरीत जाऊन बसली म्हणून, हेही जाणते.

वाचकहो, पुढच्या ग्रामसभेला जाताना खिशात मोजमापाची फीत घेऊन जा. कचेरीच्या, शाळेच्या, दवाखान्याच्या पायऱ्यांची उंची मोजा, तिला बाराने गुणा आणि तेवढी जागा समोर आहे का ते पाहा. मग आपल्या वाडीवस्तीवर अशी कोण कोण माणसे आहेत, जी पायऱ्यांपाशी थांबतात किंवा घराबाहेरच पडत नाहीत, त्यांची नावे आठवा. ही नावे आणि ते माप, दोन्ही एकाच कागदावर लिहून सरपंचांच्या हाती द्या.