मामाचे पहिले मत

वसुबारसेला औंढ्याच्या बहिणीकडे गेलो होतो. खाचरात भाताची कापणी चालली होती. सतरा वर्षांच्या भाच्याने विळा खाली ठेवला आणि विचारले, "मामा, ऑस्ट्रियात २००७ पासून सोळाव्या वर्षी मत देतात. मग आम्हीच कुणाचे घोडे मारले?"

मास्तरकीची खोड, मी लगेच इतिहासात शिरलो. आपल्याकडेही आधी एकवीस पुरी व्हावी लागत. एकसष्टाव्या घटनादुरुस्तीने २८ मार्च १९८९ पासून अठरा झाली. लग्नाला मात्र मुलाला अजून एकवीसच लागतात! म्हणजे राज्य कुणी करावे हे ठरवण्याची अक्कल आधी येते, संसाराची मागाहून. (भाच्याच्या वडिलांकडे पाहून बहिणीने यावर मान डोलावली.)

"पण सोळाव्या वर्षी तू घरचे सांगतील त्यालाच मत देशील," मी म्हणालो.

"तुम्ही पहिले मत कुणाला दिलेत?"

१९९९ साली लोकसभा आणि विधानसभा एकदमच आल्या होत्या. मला दोन मते होती. दोन्ही वडिलांनी सांगितली तिथे पडली. त्या वर्षी मी व्यक्तिस्वातंत्र्यावर निबंध लिहून बक्षीसही मिळवले होते! हे भाच्याला सांगणे जड गेले, पण सांगितले.

तो हसला नाही. "आजी दर निवडणुकीला मला विचारते, यातला बरा कोण? मी सांगतो. ती ऐकून घेते आणि तिला हवे तेच करते."

सोळा मला अजूनही कमीच वाटतात. पण माझे कारण त्या खाचरातच राहिले.

रात्री त्याने मतदारयादीचा अर्ज भरायला घेतला. सतरा पुरी झाली की तो आगाऊ करता येतो. मी शेजारी बसून ऱ्हस्वदीर्घ तपासले. बाकी काही सांगितले नाही.