दात कुठं लागतो

जुन्या जीपचं वेड लागलेली पोरं गॅरेजात आली की पहिला चहा संपायच्या आत विचारतात, "काका, डिफरन्शियल आम्हीच उघडलं तर?" इंजिनाबद्दल असं कुणी विचारत नाही, कारण इंजिन ते आधीच खोलून बसलेले असतात. कार्बोरेटर, ब्रेक, वायरिंग, सगळं घरामागच्या पडवीत उरकलेलं असतं. मागच्या ॲक्सलच्या मधल्या त्या फुगवट्यापाशी मात्र चांगल्या चांगल्यांचा हात थबकतो. थबकावं हे ठीकच. फक्त त्यांना वाटतं की तिथं ताकद फार लागते, किंवा आम्हा मिस्त्री लोकांकडे एखादं गुपित असतं. दोन्ही समजुती चुकीच्या.

इंजिनातल्या बहुतेक वस्तूंची जागा कारखान्यानं ठरवून दिलेली असते. पुसून, तेल लावून, सांगितल्या मापानं कसलं की वस्तू आपल्या घरात बसते. डिफरन्शियलमधल्या क्राऊन आणि पिनियनला, म्हणजे मोठ्या दातेरी चकतीला आणि तिला फिरवणाऱ्या लहान गिअरला, असं घर नसतं, ते बसवणाऱ्यानं ठरवायचं असतं. पिनियन किती आत सरकवायचा, क्राऊन डावीउजवीकडे किती घ्यायचा, बेरिंगांवर किती ओढ ठेवायची, हे सगळं पातळ पोलादी शिमांवर चालतं, आणि एक माप हलवलं की दुसरं आपोआप हलतं. त्यामुळे या कामात जोडणी एकदा होत नाही. जोडायचं, मोजायचं, सोडायचं, शिम बदलायची, पुन्हा जोडायचं. ज्याला तिसऱ्यांदा सोडताना राग येतो त्यानं या वाटेला जाऊ नये, मग तो इंजिनिअर असो की आमच्यासारखा पान्यावर वाढलेला.

आपल्याकडच्या जीपचंच घेऊ. १९४०च्या दशकाच्या अखेरीस महिंद्रांनी मुंबईत माझगावला विलिस जीप जोडायला सुरुवात केली, आणि त्या घराण्याचा मागचा ॲक्सल पुढं कित्येक वर्षं आपल्या रस्त्यांवर धावला. युद्धातल्या विलिसला ३९ आणि ८ दातांचा जोड असे, म्हणजे रेशो ४.८८. पुढच्या सिव्हिल जीपला ४३ आणि ८ दातांचा, ५.३८. हौशी माणूस मोठे टायर घालतो, गाडी चढाला दम टाकते, मग कुणीतरी सांगतं की ५.३८चा सेट टाक. हिशेब बरोबर आहे. ४.८८वरून ५.३८वर गेलं की चाकाशी दहा टक्के जोर वाढतो आणि टायरनं खाल्लेली ओढ बरीचशी परत मिळते. पण फोर बाय फोर गाडीत मागचा रेशो बदलला की पुढचाही तोच लागतो, नाहीतर फोर-व्हील टाकल्याबरोबर पुढची आणि मागची चाकं एकमेकांशी भांडायला लागतात. म्हणजे एक काम म्हणता म्हणता दोन झाली, आणि पुढच्या ॲक्सलला तर स्टिअरिंगची सगळी गाठ आधी सोडावी लागते. हे ऐकूनच निम्मी पोरं विचार बदलतात. त्यांना टायर जरा लहान घ्या म्हणून सांगतो, तेही काही वाईट उत्तर नाही.

उरलेल्या निम्म्यांना मी पिनियनचं तोंड दाखवतो. त्याच्या सपाट डोक्यावर बारीक अक्षरात काहीतरी कोरलेलं असतं. एक आकडा जोडीचा असतो, तोच क्राऊनवरही सापडतो. हे दोघं कारखान्यात एकमेकांवर घासून जुळवलेले असतात, त्यामुळे एकाचा क्राऊन नि दुसऱ्याचा पिनियन चालत नाही. भंगारबाजारात सुटा क्राऊन स्वस्तात मिळतो तो याच कारणानं. दुसरा आकडा अधिक किंवा उण्याच्या खुणेसकट असतो, +२, -३ असा. तो हजारांश इंचातला फरक. जीपच्या या ॲक्सलमध्ये +३चा पिनियन असेल तर शून्याच्या पिनियनपेक्षा तीन हजारांश इंच कमी शिम लागते. आम्ही फिटर मंडळी एरवी सुतात बोलणारी. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, त्यात असे सव्वाशे हजारांश मावतात. इथं सुताची भाषा सोडून द्यावी लागते, आणि खरं सांगायचं तर नवशिक्याला ती सोडणं सोपं जातं. जुन्या मिस्त्रीला जड जातं, कारण त्याच्या बोटांवर त्याचा फार विश्वास असतो.

बेरिंगवरची ओढ बघायला आमचे वस्ताद रद्दीवाल्याकडचा हुकाचा काटा वापरत. पिनियनच्या फ्लँजभोवती दोरी गुंडाळायची, दुसरं टोक काट्याला, आणि पिनियन सावकाश फिरत राहील इतपतच ओढायचं. नवीन बेरिंगांना या ॲक्सलमध्ये २० ते ४० इंच-पौंड चालतात. फ्लँजची त्रिज्या दोन इंच धरली तर काट्यावर साधारण साडेचार ते नऊ किलो दिसायला हवेत. ही जुनी रीत आहे, कंपन्यांच्या जुन्या मॅन्युअलांतही सापडते. आज इंच-पौंडाचा टॉर्क रेंच मिळतो, तो घ्यावा. पण ज्याच्याकडे नाही त्यानं "हाताला बरोबर वाटतंय" म्हणण्यापेक्षा रद्दीवाल्याचा काटा शंभर पटींनी बरा.

आणि मग ठसा. हा भाग मला आजही आवडतो. प्रुशियन ब्ल्यूची ट्यूब मिळायच्या आधी आम्ही तेलात कालवलेला शेंदूर क्राऊनच्या चार-पाच दातांना लावायचो. मारुतीला लावतात तोच. त्यात शिसं असतं, म्हणून आता मी पोरांना तो हातात घेऊ देत नाही. क्राऊनला फडक्यानं थोडा अटकाव करून पिनियन दोन्ही बाजूंनी फिरवायचा, म्हणजे दाताला दात जिथं खरोखर लागतो तिथला रंग पुसला जातो आणि उघडा डाग दिसतो. डाग दाताच्या शेंड्याकडे गेला असेल तर पिनियन अजून आत हवा. बुडाशी दबला असेल तर मागं घ्यायला हवा. डाग दाताच्या रुंद टोकाकडे किंवा अरुंद टोकाकडे सरकला असेल तर क्राऊन हलवून प्ले, म्हणजे दातांमधली मोकळीक, बदलायचा. प्ले पाच ते नऊ हजारांश इंच, आणि तोही क्राऊनवर तीन-चार ठिकाणी मोजायचा. एका जागी पाच नि समोरच्या बाजूला दहा भरले, तर क्राऊनच्या मागं कचरा अडकलाय किंवा बोल्ट वेडेवाकडे कसलेत असं समजावं. डाग मधोमध, किंचित अरुंद टोकाकडे झुकलेला दिसला की काम झालं. जोर लागला की तो आपणहून थोडा रुंद टोकाकडे सरकतो.

इतकं सांगितल्यावर पोरं म्हणतात, "मग प्रोफेशनलकडेच दिलेलं बरं." इथं मात्र मी हो म्हणत नाही. हे काम गॅरेजात गेलं म्हणजे नीट झालं असं नसतं. नवा सेट घ्यायचा, जुन्या शिमा जशाच्या तशा घालायच्या, तेल ओतायचं आणि गाडी सोडायची, असं करणारे पुष्कळ आहेत. हौसिंग तेच असल्यामुळे आणि नव्या पिनियनचा आकडा जुन्याच्या जवळपास निघाल्यामुळे कधीकधी ते खपूनही जातं. नाही खपलं तर गाडी साठच्या पुढं बारीक सुरात गुणगुणायला लागते. ॲक्सिलरेटर दाबला की एक सूर, सोडला की दुसरा. गिऱ्हाईक परत येतं तेव्हा त्याला सांगितलं जातं की नवीन गिअर आहेत, घासून बसतील. घासून बसत नाहीत. गिअरनं पहिल्या दिवशी धरलेला सूर मी तरी नंतर गोड झालेला ऐकला नाही.

तेव्हा मिस्त्रीकडे द्यायचंच असेल तर पैसे द्यायच्या आधी दोनच गोष्टी मागाव्यात : प्लेचे आकडे लिहून, आणि ठशाचा फोटो, दाताच्या दोन्ही बाजूंचा. ज्याच्याकडे प्ले मोजायचं डायल गेज आहे तो हसत देईल. जो म्हणेल "एवढं काय त्यात, तीस वर्षं करतोय", त्याच्यापेक्षा तुम्ही स्वतः मॅन्युअल उघडून बसलेले बरे.

कुठली गाडी आहे यावरही फार अवलंबून आहे, आणि हे कुणी सांगत नाही. जिप्सी घ्या, किंवा बहुतेक ट्रक. त्यांच्या हौसिंगमधून क्राऊन-पिनियनसकट अख्खा कॅरिअर बोल्ट काढून बाहेर येतो. चाकं काढा, ॲक्सल शाफ्ट ओढा, प्रोपेलर शाफ्ट सोडा आणि तो लोखंडी ऐवज टेबलावर ठेवा. अशा गाडीवाल्यांना माझं सांगणं सरळ आहे : उतरवणं नि चढवणं तुम्ही करा, मधलं काम जाणत्याकडे न्या. मजुरी निम्म्याहून कमी होते, गाडी घरीच राहते आणि माप चुकायचा धोका तुमच्यावर येत नाही. जीपचं तसं नाही. तिथं मागचं झाकण काढून जे करायचं ते ॲक्सलमध्येच. कॅरिअर घट्ट बसलेला असतो, हौसिंग किंचित फाकवायला स्प्रेडर लागतो, आणि तो जरा जास्त फिरवला तर हौसिंग कायमचं वाकडं. बेरिंगच्या टोप्या डावी-उजवी अदलाबदल करून चालत नाहीत, कारण त्या हौसिंगबरोबरच बोअर केलेल्या असतात. सोडायच्या आधी पंचनं खूण करायची. अर्थात ॲक्सल पूर्ण काढून दोन लाकडी ठोकळ्यांवर घेतला तर जीपचं कामही बसून करता येतं. गाडीखाली पाठीवर झोपून डायल गेज वाचणाऱ्याचं मला कौतुक वाटत नाही.

काही नव्या गाड्यांत पिनियनच्या दोन बेरिंगांमध्ये शिमेऐवजी चेपणारी नळी असते. नट आवळत नेला की ती चेपते आणि ओढ वाढते. तिला चेपायला पान्याला हातभर पाइप लावावा लागतो, आणि हवी ती ओढ गाठायला शेवटी नट जेमतेम केसभर फिरवायचा असतो. पुढं गेलात तर नट सैल करून भागत नाही, नळी फेकायची आणि नवी घालायची. अशा गाडीच्या मालकानं दोन नळ्या आणूनच सुरुवात करावी.

स्वतः करणाऱ्याला एक युक्ती मात्र जरूर सांगतो, कारण तिच्यामुळे काम सुसह्य होतं. जुनी बेरिंगं टाकून देऊ नका. त्यांचं आतलं भोक एमरीनं थोडं मोठं करून घ्या, म्हणजे ती हातानं चढतात, हातानं उतरतात. सगळ्या चाचण्या त्यांच्यावर करा. ठसा जमला की मग प्रेसवर नवी बेरिंगं चढवा आणि माप पुन्हा एकदा बघा. दर वेळी पुलर लावून नवं बेरिंग काढणाऱ्याचं बेरिंगही जातं आणि डोकंही.

हौसेचं काय, असंही विचारतात. पैशाचा हिशेब मांडला तर एका गाडीसाठी डायल गेज, पुलर, टॉर्क रेंच घेणं परवडत नाही, हे उघड आहे. दोन ॲक्सल असतील, मित्राची एक गाडी असेल, तर जवळपास जमतं. पण गारगोटीकडच्या एका मास्तरांनी हा हिशेब मांडलाच नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांनी मागचा ॲक्सल गाडीतून काढला, ठशांचे फोटो मला पाठवत राहिले, आणि मी फक्त "अजून पाच हजारांश घाला" किंवा "क्राऊन डावीकडे" एवढंच लिहीत गेलो. शाळा सुरू व्हायच्या आत त्यांचं जमलं. त्यांना मी पुढचं सांगून ठेवलंय : पहिल्या दिवशी पंधरा-वीस मिनिटं साधं चालवायचं आणि हौसिंग पूर्ण थंड होऊ द्यायचं, असं दोन-तीनदा. सुरुवातीला ट्रॉली ओढायची नाही. आठशे किलोमीटरला तेल बदलायचं, जीएल-५च घालायचं, वासानं घर नाराज झालं तरी. पुढच्या ॲक्सलचा सेट त्यांनी आणून ठेवलाय. दिवाळीत उघडणार म्हणतात.