सळई, मीठ आणि सही

मिसिसागात हिवाळ्याच्या पहाटे जाग येते ती मिठाच्या गाडीच्या घरघरीने. बर्फ पडू लागला की या गाड्या रस्त्यांवर खडेमीठ पसरत फिरतात. आमच्या इमारतीसमोरचा ह्युरॉन्टारिओ रस्ता तर सकाळी पांढराच दिसतो, आणि त्यात बर्फ किती व मीठ किती हे सांगता येत नाही. याच ऑन्टारिओ प्रांतात गॉडरिच या गावी, ह्युरॉन सरोवराच्या तळाखाली, जगातील सर्वांत मोठी भूमिगत मिठाची खाण आहे. रस्त्यावरचे मीठ बुटाला चिकटून घरात येते आणि गाड्यांच्या चाकांबरोबर तळघरातल्या पार्किंगमध्ये उतरते. आमची भाकरी शेवटी या मिठानेच सुरू केली. ते पुढे सांगतो.

आम्ही दोघे नवरा-बायको, दोघेही सिव्हिल इंजिनीअर. २०१९ च्या फेब्रुवारीत दोन मुलांना घेऊन पनवेलहून इथे आलो. या लेखात शक्य तिथे 'आम्ही' म्हटले आहे, कारण कोणी किती सोसले याची वाटणी करायला बसलो तर लेख राहील बाजूला आणि घरात भांडण होईल.

आमचे मूळ गाव महाड. अब्बांची उमेदीची वर्षे कुवेतमध्ये सळया बांधण्यात गेली. कोकणातल्या मुस्लिम घरांतून आखातात जाणे नवीन नाही, पण तिकडे जाणारा माणूस परत येण्यासाठीच जातो. पैसे पाठवतो, घर बांधतो, बहिणींची लग्ने करतो आणि एक दिवस पेटारे घेऊन उतरतो. अब्बा तसेच उतरले आणि मुलाला म्हणाले, "सळया आम्ही बांधल्या, नकाशावर सही तू कर." मुलाने तशी सही केलीही. पनवेलच्या कार्यालयातून रायगड जिल्ह्यातल्या कितीतरी इमारतींचे आरसीसी नकाशे आमच्या हाताखालून गेले.

इथे आलो तेव्हा आमचा एक मोठा गैरसमज होता, आणि येऊ इच्छिणाऱ्या बहुतेकांचा तो असतो. स्थलांतराच्या अर्जासाठी आमच्या पदव्या तपासल्या गेल्या, मान्य झाल्या, त्यांचे गुणही मिळाले. मग इंजिनीअर म्हणून काम करायला हरकत कसली? पण देशात येऊ देणे हे केंद्र सरकारचे काम आणि इंजिनीअरचा परवाना देणे हे प्रांताचे. ऑन्टारिओत परवाना नसताना स्वतःला इंजिनीअर म्हणवून घेणे कायद्यात बसत नाही. म्हणजे ज्या दिवशी अब्बा महाडच्या मोहल्ल्यात "पोरं कॅनडात इंजिनीअर आहेत" असे सांगत होते, त्या दिवशी आम्हाला तो शब्द कार्डावर छापण्याचाही हक्क नव्हता.

तेव्हाच्या नियमाप्रमाणे परवान्यासाठी चार वर्षांचा अनुभव लागे आणि त्यातले निदान बारा महिने कॅनडात, परवानाधारक इंजिनीअरच्या देखरेखीखाली काढलेले असावे लागत. मुलाखतीत मात्र पहिला प्रश्न हाच, "कॅनडाचा अनुभव आहे का?" अनुभव नाही म्हणून नोकरी नाही आणि नोकरी नाही म्हणून अनुभव नाही. मग विमानतळाजवळच्या एका गोदामात रात्रपाळी धरली. त्या अर्जातून एम.ई.ची पदवी आम्हीच खोडली, जास्त शिकलेला माणूस टिकत नाही असे तिथे समजतात म्हणून. ती ओळ खोडताना जे वाटले ते आम्ही महाडला कधी कळवले नाही. अब्बांनी फोनवर विचारले की "काम चालू आहे" एवढेच सांगायचो. खोटे नव्हते, पण खरेही नव्हते.

दिवसा पुस्तके घेऊन बसायचो. गुरुत्वाकर्षण तेच, सूत्रेही जवळजवळ तीच. इथल्या १५ एम सळईचे क्षेत्रफळ २०० चौरस मिलिमीटर, म्हणजे आपली सोळाची सळईच. पण पाया जमिनीत निदान १.२ मीटर खाली न्यावा लागतो, कारण थंडीत माती गोठून फुगते आणि उथळ पाया वर उचलते. छतावर बर्फाचे वजन धरावे लागते. आम्ही आयुष्यभर पावसाचे पाणी वाहून कसे जाईल हेच पाहिले. छतावर साचून राहणारे पाणी मोजायची सवय नव्हती.

२४ ऑगस्ट २०२०. रात्रपाळी करून सकाळी घरी आलो आणि महाडहून फोन आला. काजळपुऱ्यातली तारिक गार्डन ही पाचमजली इमारत संध्याकाळी कोसळली होती. अब्बांच्या आवाजामागे माणसांचा गलका ऐकू येत होता. त्यांनी आमची खुशाली विचारली नाही. पहिलाच प्रश्न, "तिच्यावर तुमची सही तर नाही ना?"

नव्हती. पण "नाही" म्हणायला आम्हाला थोडा वेळ लागला. जुने सगळे नकाशे डोळ्यांसमोरून गेले. त्या इमारतीत सोळा माणसे गेली. आम्ही घरात दोघेच दोन रकात नमाज पढून गप्प बसून राहिलो. इथे सही करू देत नाहीत म्हणून आम्ही दीड वर्ष चरफडत होतो. त्या दिवसापासून ती चरफड पूर्वीसारखी राहिली नाही.

पहिली नोकरी मिळाली ती बायकोला, २०२१ च्या वसंतात, पार्किंगच्या इमारतींची दुरुस्ती करणाऱ्या एका छोट्या कार्यालयात. मुलाखतीत बर्फाच्या वजनावर गाडी अडली होती. मग साहेबांनी एका तळघराच्या छताचा फोटो पुढे ठेवला. स्लॅबच्या खालून तपकिरी ओघळ आलेले. ती म्हणाली, "हे तर माझ्या माहेरचे छज्जे." माहेर श्रीवर्धन, घर समुद्रालगत. खारी हवा काँक्रीटमध्ये शिरते, सळई गंजते, गंज लोखंडापेक्षा जास्त जागा मागतो आणि काँक्रीट आतून फुटते. तिकडे मीठ वाऱ्याबरोबर येते, इकडे टायरबरोबर. साहेब हसले. नोकरी मिळाली. हुद्दा तंत्रज्ञाचा, पगार तासावर, पण वर परवानाधारक इंजिनीअर होता आणि बारा महिने मोजले जाऊ लागले.

काम असे. जाड साखळी तळघराच्या जमिनीवरून ओढत चालायचे. काँक्रीट धड असेल तर आवाज खणखणीत येतो, आतली सळई गंजून थर सुटला असेल तर पोकळ आणि भद्द. बाजारात मडके वाजवून घेतात तसेच. आवाज बदलला की रंगाने खूण करायची. रोज्याच्या दिवसांत पाच-सहा तास ही साखळी ओढली की कंबर बोलू लागायची.

पहिल्याच आठवड्यात तिला एक जाडजूड चौकशी अहवाल वाचायला दिला. ऑन्टारिओतल्याच एलियट लेक गावच्या अल्गो सेंटर मॉलचा. गाड्यांचे पार्किंग छतावर, आणि ते छत वर्षानुवर्षे गळत होते. मिठाच्या पाण्याने एक पोलादी जोड गंजत गेला आणि २३ जून २०१२ रोजी छत कोसळून दोन स्त्रिया गेल्या. जेमतेम काही आठवडे आधी पाहणी करून इमारत ठीक असल्याचे लिहून देण्यात आले होते. तो अहवाल आम्ही दोघांनी रात्री जेवणाच्या टेबलावर वाचला. वाचताना महाडचा विषय कोणी काढला नाही.

नवऱ्याला २०२२ मध्ये दुसऱ्या कार्यालयात काम मिळाले. २०२३ च्या मे महिन्यात ऑन्टारिओने कॅनडातल्या अनुभवाची अटच काढून टाकली. तेव्हा त्याचे बारा महिने भरायला दोन बाकी होते! नव्याने येणाऱ्यांसाठी हे चांगलेच झाले. मात्र अनुभव सिद्ध करावा लागतोच आणि व्यवसायाचा कायदा व नीती यांची परीक्षाही द्यावी लागते. निघण्याआधी विद्यापीठातून सीलबंद गुणपत्रिका घ्या आणि जुन्या साहेबांकडून कोणत्या इमारतीत तुम्ही नेमके काय केले याची पत्रे घ्या. आमचे एक जुने साहेब मधल्या काळात अल्लाहला प्यारे झाले. त्यांच्या हाताखालची चार वर्षे कागदावर आणायला आम्हाला फार यातायात पडली.

बायकोचा परवाना २०२४ च्या सुरुवातीला आला, त्याबरोबर तिच्या नावाचा शिक्का. नवऱ्याचा अर्ज अजून तपासणीत आहे. त्या जूनमध्ये अब्बा आले. नायगारा पाहून "पाणी पुष्कळ आहे" म्हणाले आणि पोर्ट क्रेडिटला सरोवर चाखून पाहून ते खारे नाही याचे नवल करत राहिले. शिक्का त्यांनी हातात घेतला, उलटसुलट पाहिला आणि सुनेला परत दिला.

त्यांना खरा रस आमच्या इमारतीच्या तळघरात. गाडीतून उतरले की वर पाहत उभे राहायचे. एका ठिकाणी छताला तपकिरी ओघळ होता. काठीने जवळचा खांब वाजवून त्यांनी विचारले, "हे कोणी तपासले?"

"दुसऱ्या एका कार्यालयाने, अब्बा."

"तुम्ही का नाही?"

"आम्ही इथेच राहतो ना. आपल्याच घरावर आपण सही करायची नसते."

त्यांनी थोडा वेळ विचार केला, मान हलवली आणि कान लावून पुढचा खांब वाजवला.